तुमचा गिरणीवाल्यांचा संघ

तुम्हाला खांदा द्यायला वाडीतली माणसं पुढे झाली होती, पण तुमच्या गड्यांनी त्यांना हात करून थांबवलं. लांज्याचा विष्णू, ओणीचे दोघे भाऊ आणि पाचलचा तो उंच माणूस, ज्याचं नाव मी नेहमी विसरते. चौघांनी तुम्हाला उचललं. विष्णूचा खांदा उतरतो, तुम्हीच त्याला ओरडून कबड्डीच्या पकडीतून मागे ठेवायचात. त्याच खांद्यावर त्याने तुम्हाला बांधावरून खाली वहाळापर्यंत, ओढ्याकाठच्या मसणवटीत नेलं आणि वाटेत बाजू बदलली नाही. मी पायरीवर बसून बघत होते. ही माणसं किती वर्षांनी एकत्र चालतायत, एवढंच मनात आलं.

शांतारामभावजी त्यांच्यात नव्हते. त्यांचं मग सांगते.

तेराव्याला माणसं बरीच आली. जेवली, पानं उचलली आणि पडवीत बसून तुमच्याबद्दल बोलली. कुणी म्हणालं, दत्ताराम संपाने गेला. कुणी म्हणालं, चिऱ्याच्या खाणीने गेला. मोठे भावजी म्हणाले, नशिबाने गेला. संघाचं नाव एकाच्याही तोंडून आलं नाही. येणार तरी कसं? तो संघ आपल्या वाडीचा नव्हता, गावाचा नव्हता, कुठल्या मंडळाचाही नव्हता. ज्यांचा होता त्यांतले आलेले चौघे तुम्हाला पोचवून संध्याकाळच्या एसटीने आपापल्या गावी गेले होते. म्हणून मी लिहायला बसले. बालवाडीतल्या मुलांच्या पाटीवर अक्षरं काढून देते, तेवढंच माझं लिहिणं. तुम्ही हसाल.

लग्न झालं तेव्हा तुम्ही मे महिन्यात आणि गणपतीत येणारे पाहुणे होतात. बाकीचं वर्ष तुमचं मुंबईचं. तुम्ही कबड्डी खेळता हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तुमच्या अंगावरून कळलं. कोपरं काळी, गुडघ्यांवर घट्टे, डाव्या कानाची पाळी चुरगळलेली. मी विचारलं तर म्हणालात, गिरणीने मला घेतलाच मुळी खेळासाठी. कापूस पिंजतात त्या खात्यात नाव लावलं, पण संध्याकाळ झाली की सरावाला सोडतात. ते तुम्ही इतक्या साधेपणाने सांगितलंत की मला वाटलं, मुंबईत सगळ्यांचं असंच असतं.

मग संप झाला. तुम्ही पेटी घेऊन आलात आणि ती उघडलीच नाहीत. आठवड्यात मिटेल म्हणालात. मग म्हणालात, पावसाआधी मिटेल. पावसात मोठ्या भावजींनी तुम्हाला नांगराला जुंपलं, तेव्हा बैलसुद्धा तुमच्याकडे वळून बघायला लागले. सासूबाई चुलीजवळ बसून मला म्हणाल्या, ह्याला शेतातलं काय येत नाय गो, आणि मुंबईचं ह्याच्याकडे काय उरला नाय. त्या तुमच्यावर रागावलेल्या नव्हत्या. त्यांना भीती वाटत होती.

कापणी झाल्यावर तुम्ही राजापूरच्या बाजारात गेलात आणि संध्याकाळी शांतारामभावजींना घेऊन आलात. ते दुसऱ्या गिरणीचे. मुंबईत तुम्ही दोघे कायम समोरासमोर खेळलेले, आणि इथे एसटी स्टँडवर एकमेकांना मिठी मारलीत म्हणे. मी भाकऱ्या थापत होते. तुमचं बोलणं कानावर येत होतं. असे किती जण घरी बसलेत ते तुम्ही दोघं आठवत होतात. कोण कुठल्या गावी, कोण कुठल्या कोपऱ्यात खेळतो. जेवताना शांतारामभावजी मला म्हणाले, वयनी, उद्यापासून भाकऱ्या जास्त लागतील.

तुम्ही आधी आपल्या गावच्या मंडळाकडे गेला होतात, हे पुष्कळांना आठवत नसेल. मंडळ म्हणालं, तू ये, पण बाकीचे परगावचे नकोत. मग शांतारामभावजींच्या गावी गेलात, तिथेही तेच. नोंदणी करायची तर एका गावाचं नाव हवं, आणि तुम्ही सात जण पाच गावांचे. तुम्ही घरी येऊन म्हणालात, जाऊ दे, ज्या स्पर्धेत नाव विचारत नाहीत तिथे खेळू. असा तो संघ झाला. वर कुणी नाही, मागे कुणी नाही.

मैदान कुठे करायचं हा प्रश्न होता. सड्यावर, वरच्या पठारावर, जागा मोकळी होती, पण कातळावर पडलं तर अंग सोलून निघणार. तुम्ही वहाळाकडचा कुणगा, भाताचा तो लहानसा तुकडा, धरलात. भाताची खुंटं उपटलीत, माती भिजवून धोपटलीत. मोठे भावजी सकाळी दात घासत बांधावर आले आणि सात बाप्ये आपलं शेत तुडवतायत ते बघून तसेच ब्रश तोंडात धरून उभे राहिले. पुढच्या पावसात तिथे नांगर शिरेना, तेव्हा त्यांनी महिनाभर तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. कबड्डी सोडून इतर कशाचंही तुम्हाला काही वाटत नसे, ह्यावरून आपण किती भांडलो.

बनियन सातही जणांचे वेगळे होते, ज्याच्या त्याच्या गिरणीचे. मी बाजारातून रंगाची पुडी आणून सगळे एका पातेल्यात उकळले. लाल रंग सुंदर चढला. पहिल्याच सामन्यात घाम आला आणि तो सगळा तुमच्या अंगावर उतरला. समोरचे गडी हसायला लागले, पंचांनाही हसू आवरेना. माइकवरच्या माणसाने संघाचं नाव विचारलं, तुमच्यापैकी कुणी बोलेना. मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, गिरणीवाले. तेच नाव पडलं. पातेलं शेवटपर्यंत लालच राहिलं, सासूबाईंनी त्यात पुन्हा कधी भात शिजवू दिला नाही.

तो सामना तुम्ही जिंकलात. त्या हिवाळ्यात तुम्ही जिथे गेलात तिथे बहुतेक जिंकलात. लांजा, पाली, संगमेश्वर, चिपळूण. अलोऱ्याला वीज प्रकल्पाच्या कॉलनीच्या मैदानावर खेळून आलात तेव्हा दोन दिवस तुम्हाला दुसरा विषय नव्हता. सपाट चाळलेली माती, वर विजेचे दिवे, बसायला बाकं. तुम्ही चुलीतला कोळसा घेऊन माझ्या सारवलेल्या जमिनीवर रेघा ओढल्यात. हा शांताराम, हा मी, हा चढाईवाला. तो इकडे वळला की शांताराम त्याचा घोटा धरणार, पण मी साखळी घेऊन येईपर्यंत त्याने सोडता कामा नये. पकड म्हणजे धरून ठेवणं, धरणं नव्हे, असं तुम्ही मला सांगितलंत. कांदा चिरता चिरता मी खेळ शिकले. मैदानावर मी तुम्हाला अजून बघितलेलं नव्हतं.

दुसऱ्या पावसात सुमन झाली. तुम्ही घरी होतात. सुईणीने तिला कापडात गुंडाळून तुमच्या हातात दिली आणि तुम्ही एवढे घाबरलात की भिंतीला टेकून बसलात. संप मिटत नव्हता. कधी मिटला हे तर कुणी सांगितलंच नाही. एकेका गिरणीचं दार उघडत गेलं, आणि जे संप सोडल्याच्या कागदावर सही करून आत जातील त्यांना घेत गेले. तुमच्या गिरणीचं दार उघडलंच नाही. शांतारामभावजींच्या गिरणीचं उघडलं.

ते सांगायला आले तेव्हा तुम्ही गोठ्याच्या दाराशी बसला होतात. ते उभेच राहिले. घरी तीन पोरं, आई अंथरुणाला खिळलेली. पुढे म्हणाले की गिरणी पुन्हा संघ उभा करते आहे, तुझं नाव घालतो, तुझ्यासारख्याला नाय म्हणणार नाहीत. तुमच्या गिरणीतली माणसं अजून रस्त्यावर होती. मला वाटलं, तुम्ही आता उठाल आणि पेटी काढाल.

तुम्ही म्हणालात, "जा तू. तुझ्यावर माझा राग नाय. पण ह्यापुढे मैदानात माझ्या बाजूला उभा राहू नकोस."

ते म्हणाले, "दत्ता, समोर उभा राहिलो तर चालेल काय?"

तुम्ही उठून गोठ्यात बैलांना पेंढा घालायला गेलात.

त्यानंतरच्या हिवाळ्यात संघ होता, पण तसा नव्हता. उजव्या कोपऱ्यात, शांतारामभावजींच्या जागी, तुम्ही एकेकाला उभं करून बघितलंत. कुणी जमेना. तुम्हीच जास्त चढाया करायला लागलात. सकाळी कुणग्यातून परत येताना अर्ध्या वाटेत थांबून कंबरेवर हात ठेवून उभे राहायचात. मी विचारलं तर म्हणायचात, वय झालं. तुम्ही तेव्हा पस्तिशीचेही नव्हतात.

राजापूरच्या स्पर्धेला त्या वर्षी मुंबईचा संघ बोलावला होता. तो शांतारामभावजींच्या गिरणीचा आहे हे तुम्हाला आधी माहीत होतं की नाही, तुम्ही मला सांगितलं नाहीत. तुम्ही एवढंच म्हणालात, ह्या वेळी तू चल. सुमनला सासूबाईंकडे ठेवून मी आले. बायकांना बसायला एका बाजूला ताडपत्री घातली होती. ऊन उतरत होतं. तुम्ही मैदानात आलात तेव्हा शेजारची बाई म्हणाली, तो बुटका कोण गो, त्याच्यावरच सगळ्यांची नजर आहे. मी सांगितलं नाही. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला.

शेवटच्या मिनिटांत तुम्ही चढाईला गेलात. तुमचा आवाज ताडपत्रीपर्यंत येत होता. एकाला हात लावलात, वळलात, आणि शांतारामभावजींनी तुमचा घोटा धरला. दुसरे दोघे तुमच्या पाठीवर आले. तुम्ही मध्यरेषेकडे अंग टाकलंत. मग मी बघितलं, शांतारामभावजींचा हात सुटला. तुम्ही पुढे फेकले गेलात, पाठीवरचे दोघे तसेच तुमच्यावर आले, आणि गुडघा बाहेरच्या बाजूला गेला. तुमची बोटं रेषेपासून टीचभर अलीकडे होती.

शांतारामभावजी सगळ्यांत आधी तुमच्याजवळ पोचले. तुम्ही त्यांचा हात बाजूला सारलात.

गावात सगळे म्हणाले, त्याने जाणून पाय पिरगळला. मी म्हणत राहिले, नाही, त्यांनी सोडला होता, माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुम्हालाही म्हटलं. एकदा नाही, कितीदा. तुमच्या पायाला लेप लावताना म्हटलं, रत्नागिरीहून हाड बसवून आणलं तेव्हा म्हटलं, त्यानंतर वर्षानुवर्षं म्हणत राहिले. त्या माणसावर नसता आळ नको. तुम्ही दर वेळी एकच म्हणायचात, "तुला काय कळतंय पकडीतलं." मला फार लागायचं ते. माझ्या जमिनीवर कोळशाने रेघा ओढून शिकवणारे तुम्हीच. आपला हा वाद कधी मिटला नाही.

संघ त्या दिवशी संपला. विष्णू एकदोनदा येऊन गेला, गडी जमवू म्हणाला. तुम्ही कुणग्याकडे बघत बसलात. पुढच्या पावसात मोठ्या भावजींनी तिथे भात लावला आणि ते चांगलं आलं.

मग चिऱ्याची खाण. चिरे उचलायला गुडघा देईना म्हणून तुम्हाला बसून तासायच्या कामावर घेतलं. संध्याकाळी घरी यायचात ते चिऱ्याच्या धुळीने पापण्यांपर्यंत लाल होऊन. खोकला आधीपासून होता, तो छातीत उतरला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, पूर्वी कुठे काम करायचा? तुम्ही म्हणालात, कबड्डी खेळायचो. ते म्हणाले, ते नव्हे, काम. मग तुम्ही गिरणीतल्या कापसाच्या खात्याचं सांगितलंत. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. परत येताना एसटीत तुम्ही खिडकीशी बसलात. वाटेतल्या घाटात तुम्हाला धाप लागली, गाडी चढत होती आणि तुम्ही बसल्या जागी तिच्याबरोबर चढत होतात. मी पाठ चोळत होते. एवढा दम असलेला माणूस आपल्या भागात दुसरा नाही असं ज्याच्याबद्दल म्हणायचे, तो शेवटी घोटभर पाणी एका दमात पिऊ शकत नव्हता. मला हे लिहवत नाही, पण अगदी जवळून मीच ते बघितलंय, मग लिहिणार तरी दुसरं कोण.

तुमच्यावर मी चिडलेसुद्धा. खाण सोडा म्हणत होते, तुम्ही सोडली नाहीत. मुंबईला दाखवू म्हटलं, तर तिथे माझं कोण आहे म्हणालात. शांतारामभावजींना कळवू का विचारलं, तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. शेवटचे दिवस तुम्ही अंथरुणात उशांना टेकून बसून काढलेत, आडवं होता येत नव्हतं. गेलात तेही बसल्या बसल्या. भात कापून झालं होतं. खाली कुणग्यात खुंटं उभी होती.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी शांतारामभावजी आले. दुपारची वेळ. अंगणाच्या बाहेर चपला काढून तिथेच उभे राहिले. मी ओळखलंच नाही पटकन. केस सगळे गेलेत, पोट सुटलंय. म्हणाले, विष्णूचं पत्र उशिरा मिळालं. मी आत बोलावलं तर पायरीवर बसले. सुमनने पाणी दिलं. तिच्याकडे बघून म्हणाले, अगदी दत्ता.

मग मीच म्हटलं की गावाने तुमच्यावर आळ घेतला, पण तुम्ही पाय सोडला होतात, मी बघितलं होतं.

ते म्हणाले, "सोडला म्हणूनच तर मोडला, वयनी."

मला समजलं नाही. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. घोटा हातात आला तेव्हा त्यांना तुमचा आवाज अगदी जवळून ऐकू येत होता. कबड्डी कबड्डी म्हणताना मधे अडखळत होता, आत शिट्टीसारखं वाजत होतं. इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभे राहिलेले, त्यांना कळलं की ह्याच्या छातीत काहीतरी बिघडलंय, दम संपलाय. त्यांच्या मनात आलं, जाऊ दे, एवढी रेषा गाठू दे त्याला. आणि त्यांनी हात सोडला. तुम्ही सगळी ताकद लावून ओढत होतात. ओढणारा माणूस अचानक सुटला की पुढेच जातो.

"धरून ठेवला असता तर नुसता बाद झाला असता," ते म्हणाले. "उठून घरी गेला असता."

मी विचारलं, ह्यांना हे ठाऊक होतं काय? ते म्हणाले, घोटा त्याचा होता, त्याला नाय कळणार तर कुणाला. मैदानातच माझ्याकडे बघून म्हणाला, दया करतोस काय रे. तेवढंच शेवटचं बोलणं.

तेव्हा मला तुमचं ते वाक्य समजलं. तुला काय कळतंय पकडीतलं. त्यांनी सोडला, हे मी तुम्हाला इतकी वर्षं पटवून देत होते, आणि तुमचा राग सोडल्याचाच होता. पिरगळला असता तर तुम्ही कदाचित दुसऱ्याच दिवशी त्यांना जेवायला बोलावलं असतं. मला तुमचा फार राग आला. अजूनही आहे. एका माणसाने तुमच्यावर माया केली आणि तुम्ही ती त्याला मरेपर्यंत माफ केली नाहीत. तो पायरीवर बसून लहान मुलासारखा नाक पुसत होता आणि तुमच्या वतीने मी त्याला काय द्यायचं? मी त्यांना भात आणि कुळथाची पिठी वाढली. त्यांनी सगळं खाल्लं. त्यांचीही गिरणी आता बंद पडायला आलीय म्हणाले. एसटीपर्यंत सुमन त्यांना सोडून आली.

ते गेल्यावर मी पडवीत बसून राहिले. सासूबाई झोपल्या होत्या. मला एक आठवलं, ते लिहून टाकते.

सुमन काही आठवड्यांची होती. पाऊस उघडला नव्हता, तुम्ही गळक्या कौलाखाली भांडं सरकवत होतात. घरात तांदूळ संपत आलेला. वळून मला विचारलंत, "तू सुखात आहेस काय गो?" मी म्हटलं, जेवून घ्या आधी. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मी टाळलं असं तुम्हाला वाटलं असेल, माझ्या मनात तक्रार आहे असं वाटलं असेल. तसं नव्हतं. तुमची नोकरी गेली होती, तुमची गिरणी, तुमची माणसं, सगळं एकेक करून जात होतं, आणि माझ्या घरात लग्नानंतर पहिल्यांदा सकाळ संध्याकाळ नवरा होता. सात जणांच्या भाकऱ्या होत्या, लाल झालेलं पातेलं होतं, जमिनीवर कोळशाच्या रेघा होत्या. तुमच्या पडत्या काळात मला जे मिळत होतं ते तुमच्या तोंडावर कसं सांगणार होते?

होते. त्या दोन वर्षांत मी सुखात होते. तुम्ही विचारलंत तेव्हाही होते.